आपला माणूस तिकडे, तिकडचा माणूस आपल्याकडे

मनोरीहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की खाडीपलीकडे पाच-दहा मिनिटांत आमचं गाव. पत्ता मुंबईचा, पण राहणं गावाचं. वलांडीवर बोंबील वाळवायचे, तरीची वेळ सांभाळायची, रात्री कुणी आजारी पडलं तर आधी खाडी आणि मग दवाखाना, असा हिशोब. म्हणून तुम्हा गावाकडच्या मैत्रिणींशी बोलताना आम्हांला परकं वाटत नाही.

आजचा विषय जरा वेगळा आहे. एका देशातून दुसऱ्या देशात पोटासाठी गेलेल्या माणसाचं आरोग्य. तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? आम्हीही तेच म्हणत होतो. मग एका महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा आखातात बांधकामावर कामाला आहे. जूनच्या उन्हात तो कामावरच चक्कर येऊन पडला. आधी दोन दिवस लघवी कमी होत होती, पायांत गोळे येत होते, पण खाडा पडेल म्हणून बोलला नाही. त्याच्या विम्याचं कार्ड मुकादमाच्या कपाटात. त्याच्या खोलीत राहणारा नेपाळचा एक मुलगा भांडून ते कार्ड घेऊन आला, याला गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडांवर बेतलं असतं.

त्याच महिन्यात आमच्याकडे एका बंगल्यावरचा रखवालदार महिनाभर खोकत होता. तोही नेपाळचा. एकदा धीर करून एका दवाखान्यात गेला. तिथे आधार कार्ड मागितलं. त्याच्याकडे नव्हतं. तो काही न बोलता परत आला आणि मेडिकलमधून खोकल्याची बाटली घेऊन पीत राहिला.

हे कानावर आलं तेव्हा त्या ताई गटाच्या बैठकीत म्हणाल्या, "माझ्या पोराला तिकडं नेपाळच्या पोरानं उचललं. याला इकडं कोण उचलणार?"

बैठकीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग आम्ही माहिती काढायला लागलो. डॉक्टरांना विचारलं, आरोग्य सेविकांना विचारलं, कायदा जाणणाऱ्यांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हांला सांगतो.

निरोगी जातो, आजारी येतो

आपला जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणाऱ्या माणसाला आंतरराष्ट्रीय स्थलांतरित म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाप्रमाणे २०२४ साली जगात अशी ३० कोटींहून जास्त माणसं होती, आणि त्यांत सगळ्यांत जास्त माणसं आपल्या भारतातून गेलेली. देशातल्या देशात गाव सोडणारे, म्हणजे ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारे, यांत मिळवले तर जगातला दर आठातला एक माणूस आपलं घर सोडून राहतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे.

आता गंमत बघा. परदेशी कामाला जाणारा माणूस सहसा धडधाकट असतो. आखातात जायचं तर आधी मेडिकल होतं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सगळं बघतात. बाईमाणूस असेल तर गरोदर आहे का तेही बघतात. त्यातून पास झालेलाच विमानात चढतो. म्हणजे निघताना तो आपल्यापेक्षा निरोगी. आणि काही वर्षांनी परत येतो तेव्हा कुणाची कंबर गेलेली, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाची मूत्रपिंडं थकलेली, कुणी आतून खचलेला. मधल्या काळात झालं काय?

झालं ते असं. एका खोलीत आठ-दहा जण. बारा तास काम. उन्हात पाणी कमी, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि जागा लांब असते. जेवण वेळीअवेळी. मनातलं बोलायला कुणी नाही. आणि दुखलंखुपलं तरी सांगायचं नाही, कारण काम जाईल, व्हिसा जाईल, माघारी धाडतील.

माणसामाणसांत फरक असणारच. म्हातारपणी गुडघे दुखतात, त्याला कुणी अन्याय म्हणत नाही. पण जो फरक टाळता आला असता आणि केवळ माणूस कुठला आहे, त्याच्याकडे कागद कुठला आहे, यावरून जो पडतो, त्याला आरोग्यातली विषमता म्हणतात. टीबीचा जंतू मनोरीच्या छातीत आणि नेपाळच्या छातीत सारखाच वाढतो. औषधही तेच लागतं. तरी एकाला ते पहिल्या महिन्यात मिळतं आणि दुसऱ्याला चौथ्या महिन्यात, किंवा मिळतच नाही. ही विषमता जंतूने केलेली नाही, आपण केलेली आहे. म्हणून ती आपल्याला मोडताही येते.

वाटेतले चार अडसर

आम्ही विचार केला, हा रखवालदार दवाखान्यापर्यंत का पोचला नाही? चार गोष्टी सापडल्या.

पहिली, कागद. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. त्यामुळे नेपाळच्या माणसाला इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. म्हणून तर मुंबईच्या इमारतींच्या राखणीला, हॉटेलांच्या भटारखान्यांत, कोकणातल्या आंब्याच्या बागांत, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी माणसं दिसतात. येणं कायदेशीर, राबणं कायदेशीर. पण रेशन कार्ड नाही. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठ्या आजाराचा, ऑपरेशनचा खर्च उचलते, पण त्यासाठी रेशन कार्ड किंवा इथला रहिवासी असल्याचा दाखला लागतो. बोटीवर हात तुटलेला नेपाळी खलाशी त्या योजनेच्या दारातच अडकतो.

दुसरी, भाषा. "छातीत दुखतं का भरून येतं? बेडका पडतो का? त्यात रक्त आहे का?" डॉक्टर हे विचारणार आणि तो नुसती मान हलवणार. मग चुकीची गोळी मिळणार.

तिसरी, वेळ आणि पैसा. सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो. रखवालदार रात्रभर जागा, सकाळी बंगल्याची झाडलोट. खलाशी तर आठ-पंधरा दिवस दर्यातच. रजा घेतली की मजुरी कापली. म्हणून तो रात्री उघडा असलेल्या मेडिकलमध्ये जातो.

चौथी, आणि सगळ्यांत जड, ती भीती. मालक काढून टाकेल. पोलीस कागद विचारतील. सोबतचे खोलीतून बाहेर काढतील. गावाकडे कळलं तर लग्न मोडेल.

आता हीच चार नावं आखातातल्या आपल्या मुलाला लावून बघा. कागद मुकादमाच्या कपाटात. भाषा अरबी. रजेला पैसे कापतात. आणि माघारी धाडण्याची भीती. मैत्रिणींनो, अडसर तेच आहेत, फक्त माणूस बदललाय. हे समजलं तेव्हा आमच्या डोळ्यांवरची झापडं गेली. तिकडे आपल्या मुलासाठी जे मागतो, ते इकडे आलेल्याला द्यायला आपण का कचरतो?

कायदा काय म्हणतो

आम्हांला वाटायचं, सरकारी औषधं म्हणजे इथल्याच लोकांसाठी. तसं नाही.

आपल्या राज्यघटनेचं २१ वं कलम जगण्याचा हक्क देतं, आणि तो फक्त नागरिकाला नाही, 'कोणत्याही व्यक्तीला' देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात सांगितलं की अत्यवस्थ माणसाला वेळेवर उपचार देणं हे सरकारी इस्पितळाचं कर्तव्य आहे. त्या खटल्यातला माणूस रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेला शेतमजूर होता, आणि खाट नाही म्हणून त्याला एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात फिरवलं होतं. आधार नाही म्हणून उपचार नाकारू नयेत, हे तर खुद्द आधार प्राधिकरणानेच २०१८ साली जाहीर केलं आहे.

टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बाळांचं लसीकरण मोफत आहे. सरकारी इस्पितळात बाळंतपण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, ती जातपात, गाव, देश विचारत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते धोरण आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत. कागदावर 'सगळ्यांना' लिहिलेलं असतं, आणि खिडकीवरचा माणूस सवयीने विचारतो, "आधार?" ज्याला भीती आहे तो या एका शब्दानेच माघारी फिरतो. खिडकीवरच्या माणसाचं वाकडं असतं असंही नाही. त्याला नोंद करायची असते. पण नोंद आधी आणि माणूस नंतर असं झालं की विषमता तयार होते.

आपण बायकांनी हे मोडलेलं पाहिलंय. पोलिओ आठवा. बूथवर बाळ घेऊन गेलं की दोन थेंब पाजायचे आणि करंगळीला शाई लावायची. कुणी विचारलं का, आधार आहे का, कुठल्या देशाचं बाळ आहे? वीटभट्टीवर, बांधकामावर, रेल्वे स्टेशनवर, नेपाळच्या सीमेवरच्या नाक्यांवर थेंब पाजले. एक जरी बाळ राहिलं तरी जंतू राहतो, हे सरकारला पक्कं कळलं होतं. म्हणून २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. कागद न विचारल्याने देशाचं नुकसान झालं नाही, भलं झालं.

आणि उलटं केलं तर काय होतं, तेही जगाने पाहिलं. सिंगापूर श्रीमंत देश. तिथे बांधकामावरचे मजूर, भारतातले, बांगलादेशातले, मोठाल्या वसतिगृहांत एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. २०२० साली कोरोना आला तेव्हा तिथल्या रुग्णांतले बहुतेक सगळे याच वसतिगृहांतले निघाले. ज्या खोल्यांकडे कुणी बघितलं नव्हतं, तिथेच साथ भडकली. नंतर त्या देशाला मजुरांसाठी वेगळे दवाखाने आणि वेगळी आरोग्य योजना करावी लागली.

थायलंडने मात्र आधीच शहाणपण केलं. तिथेही आपल्यासारखाच मासेमारीचा धंदा, आणि बोटींवर, कोळंबी सोलण्याच्या कारखान्यांत म्यानमारची माणसं. काहींकडे कागद, काहींकडे नाही. तिथल्या आरोग्य खात्याने या लोकांना वर्षाचे पैसे भरून आरोग्य विमा कार्ड घ्यायची सोय केली, आणि बिनकागदाच्या माणसांनाही त्यात घेतलं. सात वर्षांखालच्या मुलांसाठी २०१३ साली वर्षाला ३६५ बात, म्हणजे दिवसाला एक बात, एवढाच दर ठेवला. शिवाय त्याच लोकांतल्या काहींना शिकवून आरोग्य स्वयंसेवक केलं. बर्मी बाईला बर्मी बाईच सांगते की लस का घ्यायची. सगळं सुरळीत चालतं असं नाही, पुष्कळजण अजून कार्डाबाहेर आहेत. पण वाट दिसली.

आपला माणूस परदेशी निघाला तर

आता आपल्या घरातलं बघू. मुलगा किंवा नवरा परदेशी निघाला की आपण लोणचं, सुके बोंबील, देवाचा फोटो सगळं आठवणीने बांधतो. त्या बॅगेत आरोग्याचं काय जातं?

पहिलं, मेडिकलचा अहवाल. तो 'अनफिट' आला तर लोक रडतात आणि कागद फाडून टाकतात. तसं करू नका. ती तपासणी त्या देशाच्या सोयीसाठी असते, उपचारासाठी नाही. छातीवर डाग दिसला, साखर निघाली, तर कागद घेऊन आपल्या दवाखान्यात जा. पोराला नोकरी मिळाली नाही, पण आजार लवकर कळला, हे लक्षात ठेवा.

दुसरं, विमा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' म्हणजे स्थलांतर-तपासणी आवश्यक असा शेरा असतो. अशा माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढावाच लागतो. २०१७ च्या सुधारणेप्रमाणे दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांचं संरक्षण आहे, आणि आजारपणात इस्पितळाचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. एवढ्या पैशांत एका वेळची भाजीही येत नाही. पण पुष्कळ घरांत पॉलिसीचा कागद एजंटकडेच राहतो आणि बायकोला ठाऊकच नसतं की असा विमा होता. तो कागद घरात हवा. त्याची झेरॉक्स, पासपोर्टची झेरॉक्स आणि कामाच्या कराराची झेरॉक्स, तिन्ही डब्यात ठेवा.

तिसरं, तिथला विमा. दुबईत २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामगाराचा आरोग्य विमा मालकाने स्वतःच्या पैशाने काढायचा असतो. १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या उरलेल्या भागांतही खासगी कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी हे सक्तीचं झालंय. म्हणून फोनवर "जेवलास का?" विचारतो तसंच विचारायचं, "विम्याचं कार्ड तुझ्या खिशात आहे का?" कार्ड मुकादमाकडे असेल तर निदान दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायला सांगा.

चौथं, ऊन. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे. सौदी, कतार इथेही असे नियम आहेत. नियम आहे हे कामगाराला ठाऊक हवं. लघवी गडद पिवळी झाली, पायांत गोळे आले, डोकं भणभणलं की तो उन्हाचा इशारा आहे, मर्दानगी दाखवायची वेळ नाही. आणि दोन-तीन वर्षांनी घरी आला की त्याची रक्तदाबाची, साखरेची आणि मूत्रपिंडाची साधी रक्त-लघवी तपासणी करून घ्या. भेटवस्तू उघडायच्या आधी नाही, पण सुटी संपायच्या आधी नक्की.

पाचवं, मन. माणूस फोन टाळायला लागला, रात्री झोपत नाही म्हणाला, दारू वाढली, तर "पैसे कधी पाठवणार?" हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा.

परदेशात अडचण आली तर भारतीय दूतावास आहे, आणि त्यांच्याकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून अडलेल्या, गरजू माणसाच्या तातडीच्या उपचाराला मदत करता येते. परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी १८०० ११ ३०९० आहे. हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिकडचा माणूस आपल्या दारी असेल तर

आता गटाने काय करायचं? पैसा लागत नाही अशा गोष्टी सांगतो. आम्ही यातल्या काही करून पाहिल्या आहेत.

आपल्या हद्दीत बाहेरदेशाची माणसं कुठे आहेत ते बघा. बाग, बोट, भट्टी, हॉटेल, बंगले. आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला सांगा की इथेही घर आहे. राखणीच्या खोलीला बऱ्याचदा घर नंबर नसतो, म्हणून ती सर्वेक्षणातून सुटते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला घेऊन जा. एकट्याला पाठवू नका, एकीने सोबत जा. खिडकीवर आपण उभं राहिलं की बोलणं सोपं होतं. "आधार नाही, पण टीबीची तपासणी मोफत आहे ना?" एवढं शांतपणे म्हणायचं. भांडण नको.

साधा टीबी निघाला तर सहा महिने औषध असतं. इथे खरी मेख आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागतात आणि खलाशी गावी जातात. आंब्याचा हंगाम संपला की राखणदार जातात. औषध मध्येच सुटलं की जंतू निगरगट्ट होतो आणि पुढे साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं की हा अमुक महिन्यात गावी जाणार. मग निघताना उपचाराचं कार्ड, पत्र आणि वाटेपुरत्या गोळ्या त्याच्या हातात मिळतात. नेपाळमध्येही टीबीचं औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. टीबी रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते बँक खात्यात येतात. खातं नसेल तर तिथल्या टीबी कर्मचाऱ्याला विचारा. आणि पैसे येईपर्यंत आपण रोज एक अंडं देऊ शकतो.

गरोदर बाई असेल तर पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवायला न्या. माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की ती गावी गेली तरी कुठली लस झाली, रक्त किती होतं, ते पुढच्या डॉक्टरला कळतं.

भाषेची फार धास्ती घेऊ नका. नेपाळी आपल्यासारखीच बाळबोध लिपीत लिहितात. रक्ताला आपल्याकडे गावात रगत म्हणतात, नेपाळीतही रगतच. खोकल्याला ते खोकी म्हणतात, तापाला ज्वरो, जुलाबाला पखाला. हे चार शब्द कागदावर लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावले तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आणि शेवटचं, तोंडाला कुलूप. कुणाला टीबी आहे, कुणाला एचआयव्ही आहे, हे वलांडीवर बोलायचं नाही. एचआयव्हीवरून भेदभाव करायला तर २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ वर नाव न सांगता बोलता येतं. कुणाचे कागद खरे, कुणाचे खोटे, हे बघणं पोलिसांचं काम. खोकला बघणं दवाखान्याचं. या दोन कामांची सरमिसळ झाली की आजारी माणूस लपतो, आणि लपलेला आजार सगळ्या गावाचा होतो.

एवढं सगळं आपण केलं तरी धोरण बदलावं लागेलच. हात तुटलेल्या खलाशाच्या ऑपरेशनला एका अंड्याने भागत नाही. बोटमालकांनी आणि सोसायट्यांनी आपल्या कामगाराचा विमा काढावा, हंगाम सुरू होतानाच बंदरावर तपासणी व्हावी, राज्याच्या योजनेत कामाच्या जागेचा दाखला चालावा, या मागण्या आपण वॉर्डाच्या आणि ग्रामसभेच्या बैठकीत मांडायला हव्यात. आमच्या गटाने तसा अर्ज लिहायला घेतला आहे.

त्या रखवालदाराचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आमच्यातल्या दोघी त्याला घेऊन खाडीपलीकडे गेल्या. बेडक्यात टीबी निघाला. औषध सुरू झालं. त्याच्यासोबत खोलीत राहणाऱ्या भावाचीही तपासणी झाली. दसऱ्याला तो गावी गेला, तेव्हा कार्ड आणि पत्र त्याच्या पिशवीत होतं. उरलेली औषधं त्याने तिकडे पुरी केली. तसा फोन आला.

ताईंचा मुलगा सुटीवर आला तेव्हा त्याचीही तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना थोडा धक्का बसलाय, दर सहा महिन्यांनी तपासत राहा, पाणी भरपूर प्या. तो परत गेला आहे. कर्ज फिटायचं आहे अजून. या वेळी ताईंनी बॅगेत बोंबलांच्या वर विम्याच्या कार्डाची झेरॉक्स ठेवली, आणि खोलीतल्या त्या नेपाळी मुलासाठी वेगळी पुडी बांधून दिली.

तुमच्या गावातून कोण कुठे गेलंय आणि तुमच्या गावात कोण कुठून आलंय, याची एक यादी पुढच्या बैठकीत करा. दोन्ही रकाने एकाच पानावर लिहा. आम्हांला कळवा. आज इतकंच. नमस्कार.